बारकीचं हिमोग्लोबिन आणि ४५०० चा किराणा : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून लिहून ठेवतोय, कारण तोंडी हिशोब माझ्या डोक्यात राहत नाही आणि हे काम अर्धवट सोडायचं नाहीये. परवा ग्राउंडवर बारकी, माझी धाकटी बहीण, ८०० मीटर मारता मारता दुसऱ्या राउंडला खालीच बसली, डोळ्यापुढं अंधारी आली म्हणली. मला वाटलं उपाशी पळाली असेल, पण तिच्यासोबतच्या पोरी म्हणल्या की हे पंधरा दिवसांपासून चाललंय, तीच घरी सांगत नाही. काल महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन ९.१. मॅडम म्हणल्या बायांचं १२ च्या वर पाहिजे, ही पोरगी ह्यावर पळते कशी हेच नवल. लाल रंगाच्या गोळ्या दिल्या, फुकट, आणि जंताची एक. रोज जेवणानंतर, चहासोबत घ्यायची नाही, आणि चार-पाच आठवड्यांनी परत रक्त बघायचं. निघताना म्हणल्या गोळी आपलं काम करेल, पण ताट सुधारलं नाही तर सहा महिन्यांनी परत इथंच याल.

अकॅडमीचे सर म्हणतात प्रोटीन पावडर चालू करा. २८०० चा डबा. पोलीस भरतीची जाहिरात कधीही पडेल, ग्राउंड ५० मार्कांचं, त्यातले २० एकट्या ८०० मीटरचे, तेव्हा सरांचंही चुकीचं नाही. पण माझा पगार १६,५००, रूम ५५००, तिची फी २०००, गावाकडं २०००, मग बस, रिचार्ज, गॅस, आणि उरतात ते खायला ४५००. दोघांत. म्हणजे दिवसाला दीडशे.

ठरवलं ते असं. १० आठवडे. किराणा, भाजी, दूध, अंडी सगळं मिळून महिना ४५००, गॅस वेगळा. पावडर नाही. जे आपल्या धनकवडीतल्या वाण्याकडं आणि मंडईत मिळत नाही ते आणायचं नाही. आणि बारकीचं हिमोग्लोबिन ११ च्या वर.

६ जानेवारी

तिनं काल दिवसभरात काय खाल्लं ते एकेक करून विचारून लिहिलं. सकाळी ५ ला चहा आणि दोन खारी. ग्राउंडवरून आल्यावर परत चहा, पोहे. दुपारी भात आणि तुरीचं पातळ वरण. संध्याकाळी क्लासवरून येताना एक वडापाव. रात्री दोन पोळ्या, बटाटा, परत चहा. पोट भरलेलं, बाकी काहीच नाही. मोजलं तर प्रोटीन ३० ग्रॅमच्या आत. साध्या माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम धरतात, ती ४८ किलोची म्हणजे ४० लागणारच, आणि रोज पळणाऱ्या पोरीला ५५ तरी पाहिजे. लोहाचा आकडा बायांसाठी रोजचा २९ मिलिग्रॅम आहे आणि तिच्या पोटात १० सुद्धा जात नसेल.

मी स्वतः रात्रपाळीला गोदामात असतो, सकाळी ७ ला येतो, झोपतो. घरात काय शिजतंय ते मला माहितीच नव्हतं.

८ जानेवारी

ज्याला सांगावं तो लाल वस्तू सांगतो. बीट खाऊ घाल, डाळिंब दे, सफरचंद दे, गूळ खा. घरमालकीण काकूंनी प्रेमानं दोन बीट आणून दिले. मी पण डाळिंबाचा भाव विचारून आलो होतो, तिथंच पाय थांबला, म्हणून आधी आकडे बघू म्हटलं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहे, त्यांनी २०१७ ला आपल्याकडच्या ५०० वर खाण्याच्या वस्तूंचे तक्ते काढलेत, ते मोबाईलवर उघडून सगळी दुपार वाचत बसलो, झोप गेली तर गेली.

१०० ग्रॅमला लोह : डाळिंब ०.३ च्या आसपास, सफरचंद त्याहून कमीच, बीट पाऊण मिलिग्रॅम. आणि बाजरी ६.४. मटकी ८ च्या जवळ. हुलगे ८.८. मसूर डाळ ७. मेथी ५.७. तांबडा रंग म्हणजे रक्त असं आपण धरून चाललोय आणि जे खरं रक्ताचं आहे ते आमच्या आष्टी तालुक्यात बांधाबांधावर पिकतं, आण्णा दरवर्षी पेरतात. पुण्यात आल्यावर आम्ही ते सोडलं, कारण रूमवर भाकरी थापायचा कंटाळा आणि बाजरी म्हणजे गावाकडचं खाणं. गुळात लोह आहे, पण माणूस खाऊन खाऊन खाणार किती, २० ग्रॅम, त्यात एक मिलिग्रॅम पण येत नाही.

एक गोष्ट मात्र मनावर कोरून घेतली की धान्य-कडधान्यातलं लोह अंगी कमी लागतं, सगळं पोटात टिकत नाही. लिंबू, आवळा, पेरू असं काही सोबत असलं की जास्त लागतं, चहा-कॉफी सोबत असली की अडतं. भिजवून मोड आणले की फरक पडतो. म्हणजे नुसतं काय खायचं एवढंच नाही, कशासोबत आणि कधी, ते पण बघायचं.

९ जानेवारी

आता पैशाचं. १० ग्रॅम प्रोटीनला किती रुपये पडतात ते काढलं, आमच्या वाण्याच्या भावानं. पावडर ३५ रुपये. पनीर २० च्या वर. दूध १७-१८. अंडी ११. मटकी ६. शेंगदाणे साडेपाच. हुलगे ४. मसूर डाळ पावणेचार. सोयाबीनच्या वड्या २ रुपये.

हा कागद मी भिंतीवर चिकटवला. बारकी बराच वेळ बघत उभी होती, मग म्हणली दादा, सोयाबीन तर आपण विकलं. विकलं खरं. हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल आणि आण्णांना व्यापाऱ्यानं ४००० च्या आसपासच दिले. चाळीस रुपये किलोनं घरातलं प्रोटीन विकायचं आणि २८०० चा डबा आणायचा, हे काही मनाला पटेना. आण्णांना फोन करून विचारलं, बियाण्याला ठेवलेल्यातलं ५ किलो निघतंय का. निघतंय म्हणले.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टी. सकाळी जुन्या बाजारात गेलो, लोखंडी कढई बघायला. गावाकडं आईची होती, मागं कधीतरी भंगारवाल्याला दिली आणि नॉनस्टिक आणली. दीडशेला मिळाली, गंज होता, चिंच-मीठ लावून घासली, तेल चोपडून चुलीवर तापवतात तशी गॅसवर तापवली, तीनदा. त्यात आंबट काही शिजवलं की लोह उतरतं. पहिल्यांदा मेथी-टोमॅटो केलं तर भाजी काळपट झाली, बारकीनं तोंड वाकडं केलं पण खाल्ली. एक शिकलो, भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, त्यात राहू दिली की चव लोखंडाची लागते.

मार्केटयार्डातून आणलं : बाजरी १० किलो ३४ नं, मटकी २ किलो, हुलगे १ किलो, मसूर डाळ २, शेंगदाणे २, सोयावडी अर्धा किलो, गूळ १. लिंबं २० रुपयांची सात-आठ. अंड्यांचा ट्रे १८५ ला. तेल दोन लिटरच आणलं, सप्टेंबरपासून तेल जे चढलंय ते खाली यायचं नाव घेत नाही, आणि आम्हाला दोघांना महिन्याला दोन पुरायला हरकत नाही.

१३ जानेवारी

भोगी. आईनं सकाळीच फोन करून सांगितलं, न खाई भोगी तो सदा रोगी. गाजर, ओला हरभरा, वांगं, घेवडा, बोरं, वर तिळाचं कूट, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. मंडईत भोगीच्या भाजीचे वाटेच लावलेले असतात, ३० रुपयाला एक, दोघांना दोन वेळ झाली. मी भिंतीवरचा कागद बघत बघत जेवलो. बाजरी, तीळ, हरभरा, गाजर, बोरं. कुणी बसवलं असेल हे ताट, पण बसवणाऱ्याला थंडीत अंगाला काय लागतं ते पक्कं कळत होतं.

भाकरी बारकीनं थापली. मला जमत नाही, कडा फाटतात. तिचा हात आईसारखा गोल फिरतो, परातीत टप टप टप, मधेच पाण्याचा हात, आणि तव्यावर टाकताना मनगट असं काही वळवते की भाकरी न दुमडता पसरते.

१७ जानेवारी

चहाचं सगळ्यात अवघड गेलं. पैशाला काही लागत नाही ह्याला, पण सवय. ती दिवसाला चार कप प्यायची, त्यातले दोन जेवणाला चिकटून. आता नियम असा की जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास चहा नाही. सकाळी ५ चा चहा बंद, त्याऐवजी रात्री भिजवलेले मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. पहिले तीन दिवस डोकं दुखतंय म्हणत होती. गोळी दुपारच्या जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत. गोळीनं पोट घट्ट झालं आणि शौच काळी होते म्हणून घाबरली होती, गोळ्या बंदच करणार होती, मी परत दवाखान्यात जाऊन विचारून आलो, तसं होतंच म्हणल्या, पाणी जास्त प्या, पालेभाजी वाढवा, गोळी सोडू नका. गोळ्या पिशवीत पडून राहायचं खरं कारण हेच असणार, कुणी आधी सांगत नाही.

२३ जानेवारी

सिंहगड रोडला जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे, पेशंट निघालेत, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडं. आमच्यापासून लांब नाही. पाण्यातून होतंय म्हणतात, पाणी उकळून प्या, कच्चं काही खाऊ नका. कालपर्यंत बारकी मोड आलेली मटकी कच्चीच लिंबू पिळून खायची, ते आजपासून बंद. मोड आणायचे पण वाफवून खायचे, पाच मिनिटं. गाजर-काकडीची कोशिंबीर पण बंद, गाजर भाजीत. पाणी उकळायला गॅस जास्त जातोय, टाकी ८०० च्या वर आहे, म्हणून एक केलं की कुकरमध्ये एकावर एक तीन डबे, खाली मसूर, मधे भात, वर मटकी, आणि गॅस एकदाच.

२८ जानेवारी

जीबीएसच्या भीतीनं लोक चिकन घ्यायला घाबरायलेत. आमच्या कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडं गर्दी नाही. मी रविवारी कलेजी आणतो, पाव किलो ४० रुपये, १०० ग्रॅमला १० मिलिग्रॅमच्या जवळ लोह, आणि हे मांसाचं लोह अंगी लवकर लागतं. त्याला विचारलं काय करू, म्हणला व्यवस्थित शिजवा, गुलाबी राहता कामा नये. तीन शिट्ट्या करून मग कढईत कांदा-लसणात परतली. बारकी सोमवार-गुरुवार खात नाही, तेव्हा रविवार पक्का. आठवड्याला एकदा बास, कलेजी रोज खायची वस्तू नाही.

३१ जानेवारी

महिन्याचा हिशोब. किराणा २१४०, बाजरी ३४०, गिरणी ६०, भाजी ८५०, अंडी दोन ट्रे ३७०, दूध ७२८, कलेजी चार रविवार १६०. बेरीज ४६४८. कढईचे दीडशे ह्यात धरले नाहीत. १४८ रुपये वर गेलो.

भाजीत वाचवता येईल. रात्री ८ नंतर मंडईत मेथी, माठ, शेपूच्या जुड्या १० ला दोन करून टाकतात, मी पाळीला जाता जाता घेऊ शकतो. मुळ्याचा पाला आणि फ्लॉवरची कोवळी पानं तर लोक तिथंच मोडून ठेवतात. शेवग्याच्या शेंगांचा भाव ह्या थंडीत विचारायची सोय नव्हती, पण घरमालकांच्या गेटजवळ शेवगा उभा आहे, त्याच्या पाल्याला कुणी हात लावत नाही. कॅल्शियम, लोह, प्रोटीन सगळं पाल्यात. काकूंना विचारून ओरबाडून घेतला, मुगाच्या डाळीत परतला. आता काकू पण करायलात.

२ फेब्रुवारी, रविवार

आज जे बघितलं ते लिहायला हात जड झालाय.

आठवडाभर मी संध्याकाळी जेवून ८ ला निघतो, ती क्लासवरून साडेआठला येऊन जेवते, म्हणजे आम्ही एकत्र जेवतच नाही. आज सुट्टी म्हणून एकत्र बसलो. मी घट्ट मसुराची आमटी आणि तीन अंड्यांचा रस्सा केलेला. ती वाढायला बसली, मी तांब्या भरून आणायला उठलो, आणि वळून बघितलं तर ती पळी पातेल्याच्या तळाला घालून माझ्या वाटीत डाळ काढत होती आणि स्वतःच्या वाटीत वरचं पाणी घेत होती. अंडी माझ्या ताटात दोन, तिच्या एक. हे सगळं इतक्या सहज की तिला स्वतःला कळत नव्हतं. विचारलं हे काय, तर म्हणली तू रात्रभर उभा असतोस ना दादा.

मग एकेक विचारत गेलो. अंडी रोज दोन तिच्यासाठी म्हणून आणतोय, त्यातलं एक ती माझ्या डब्यात घालत होती, चिरून भाजीत, म्हणून मला दिसलं नाही. दूध अर्धा लिटर, त्यातलं तिच्या पोटात चहापुरतं, बाकी दही लावून मला. महिनाभर मी कागदावर तिच्या नावापुढं ५५ ग्रॅम लिहीत होतो. माझा सगळा हिशोब पातेल्याचा होता, तिच्या ताटाचा नव्हता.

आणि मला आई दिसली. सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्यात थोडं पाणी घालून, बोटानं कड निपटून, ते भाकरीवर घेऊन खाणारी आई. आम्हाला कधी वाटलं नाही की ह्यात काही वेगळं आहे. बारकीला कुणी बसवून शिकवलं नाही, ती बघत बघत मोठी झाली.

खूप बोलावंसं वाटलं, बोललो नाही. संध्याकाळी जाऊन दोन वाट्या आणल्या, स्टीलच्या, मोठ्या, अगदी सारख्या. रोज मी निघण्याआधी तिची वाटी तळातून भरून, झाकण घालून ठेवणार. अंडी उकडून सोलून तिच्या ताटात. क्लासच्या सरांना विचारून तिनं बॅच बदलून घ्यायची, म्हणजे साडेसातला दोघं बसू.

३ फेब्रुवारी

बॅच बदलली.

६ फेब्रुवारी

नुकसान. बाजरी मागल्या खेपेला एकदम ५ किलो दळून आणली होती, गिरणीचा फेरा वाचावा म्हणून, पीठ कडू झालं. दोन किलोच्या जवळ टाकून द्यावं लागलं, गायीला घातलं. बाजरीत तेल असतं, पीठ आठ-दहा दिवसांच्या वर टिकत नाही, आई नेहमी पायलीच्या पायली ठेवायची पण दळायची थोडं थोडं, आता कळलं का ते. ह्यापुढं दोन किलोच्या वर दळायचं नाही. गिरणीवाले काका रागावले पण चालतंय.

९ फेब्रुवारी

काल रिपोर्ट, १०.२. पाच आठवड्यांत १.१ वाढलं. मॅडम खूश, पण मला वाटतं वाटीची गोष्ट महिनाभर आधी दिसली असती तर अजून वाढलं असतं. मॅडमना तसं सांगितलं तर त्या काही बोलल्या नाहीत, पेन खाली ठेवला आणि म्हणल्या माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बायांचं हेच आहे. देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायांमागं ५७ जणींना रक्त कमी आहे, सरकारच्याच २०१९-२१ च्या पाहणीत. एवढ्या घरांत वाढणारी कोण आणि तळातली डाळ कुणाला जाते, ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

१५ फेब्रुवारी

रेशन. आमचं कार्ड गावाकडचं, पण अंगठा लावून इथं पण मिळतं हे मला शेजारच्या रूमवाल्यानं सांगितलं तेव्हा कळलं. दोघांच्या वाट्याचं १० किलो, फुकट. महिन्याला तीनशे-चारशे रुपये आपण उगाच घालवत होतो.

तांदूळ निवडायला बारकी बसली तर बाजूला ढीग करायली, जरा पिवळट, गुळगुळीत, एकसारखे दाणे. म्हणली हा प्लॅस्टिकचा तांदूळ, गावात सगळे काढून टाकतात. आई पण टाकते. मी आधी वाचलं होतं म्हणून तिचा हात धरला. ते प्लॅस्टिक नाही. तांदळाचंच पीठ करून त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून परत दाण्याच्या आकाराचं काढतात आणि १०० दाण्यांमागं एक असं मिसळतात. म्हणजे ज्या पोरीचं रक्त कमी तीच बसून रक्ताचे दाणे वेचून फेकत होती. भात करताना दोन पाण्यात हलका धुवायचा, चोळायचा नाही, पाणी बेताचं घालायचं, पेज काढून ओतायची नाही. गावातल्या ग्रुपवर मी हे बोलून टाकलंय, टाईप करत बसलो नाही, कारण आईसारख्या बाया वाचणार नाहीत, ऐकतील.

२३ फेब्रुवारी

शेंगोळे! हुलग्याचं पीठ, थोडं ज्वारीचं, लसूण-जिरं-मिरचीचा ठेचा, घट्ट मळून तळहातावर वळून वळून छोटे छोटे शेंगोळे, उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडले. बारकी एका हाताला दोन वळते. खोलीभर वास. वरून लिंबू. कोकणात ह्यालाच कुळीथ म्हणून पिठलं करतात, आमच्याकडं शेंगोळे आणि माडगं. पूर्ण पातेल्याला पन्नास रुपये लागले नाहीत आणि शेजारच्या रूमची दोन पोरं पण जेवली. त्यांच्या मेसमध्ये दोन वेळचे तीन हजार घेतात आणि डाळीत डाळ शोधावी लागते, त्यांनी विचारलं आम्ही पण सामान आणून दिलं तर एकत्र होईल का. होईल. चौघांचा कुकर लागला तर गॅस तेवढाच.

४ मार्च

ऊन चढलं, बाजरी आता उष्ण पडते, तिच्या तोंडात फोड आले. ज्वारीवर आलो. एसटीनं आईनं पाठवलेली पिशवी पोचली, ज्वारी ८ किलो आणि सोयाबीन. सोयाबीन कच्चं दळायचं नाही, पोटाला बाधतं. उकळत्या पाण्यात टाकून वीस मिनिटं, मग निथळून उन्हात दोन दिवस कडक वाळवून, रेशनच्या गव्हात ९ ला १ असं दळून आणलं. पोळीला वास येत नाही, रंग जरा पिवळा.

आता तिचा दिवस असा जातो : पहाटे भिजलेले शेंगदाणे, गूळ. ग्राउंडवरून आल्यावर दोन अंडी, पेरू नाहीतर मोसमाचं जे स्वस्त असेल ते. दुपारी दोन भाकऱ्या, मोडाची मटकी, पालेभाजी, लिंबू, मग गोळी. चार वाजता एक चहा. साडेसातला भात किंवा पोळी, घट्ट मसूर. प्रोटीन ६० च्या जवळ. लोह २३-२४ पर्यंतच जातंय, २९ ला नाही, म्हणून गोळी अजून दोन-तीन महिने आहेच. फेब्रुवारीचा हिशोब ४२९० वर थांबला.

९ मार्च, रविवार

११.३.

आणि ८०० मीटर ३ मिनिटं २१ सेकंद, जानेवारीत ३.५२ होतं. अजून बरंच खाली आणायचंय. पण शेवटच्या शंभर मीटरला तिनं वेग वाढवला, मी कडेला घड्याळ धरून उभा होतो, ती माझ्याकडं न बघता पुढं निघून गेली आणि रेषेच्या पुढं जाऊन पण दहा पावलं पळतच राहिली. बसली नाही. माझ्याकडनं स्टॉप दाबायचं राहिलं, तिच्या मैत्रिणीचं घड्याळ होतं म्हणून टाईमिंग कळलं.

१५ मार्च, गावाकडं

होळीला आलो. पुरणपोळी झाली. आई सगळ्यांना वाढून शेवटी बसली तेव्हा बारकी उठली आणि काही न बोलता स्वतःचं ताट उचलून आईशेजारी जाऊन परत बसली.

आज आशाताईंना सांगून उपकेंद्रात आईचं रक्त बघितलं. नको नको म्हणत होती, मला काय धाड भरलीय. ८.४.

जिना चढायला नाही म्हणून इथं दिसत नाही एवढंच. दुपारी मी तिला विचारलं दम लागतो का, तर म्हणली वयाचं आहे. वय ४४.

१८ मार्च, पुणे

वही तीच, पान नवीन. आईच्या लाल गोळ्या आशाताई घरी आणून देणार, चालू झाल्या का ते मी रोज संध्याकाळी फोनवर विचारणार. घरी कोंबड्या सात आहेत, अंडी सगळी दुकानात जातात, त्यातलं रोजचं एक आता घरी थांबणार, आण्णांनी कबूल केलंय. चहाचं बारकी बोलली आईशी, माझ्यापेक्षा ती नीट सांगते.

उद्या सकाळच्या आष्टीच्या गाडीत पिशवी द्यायची आहे. मसूर डाळ २ किलो, अहळीव १०० ग्रॅम, आपली लोखंडी कढई (आपण रविवारी दुसरी बघू), आणि एक स्टीलची वाटी, आमच्या दोन आहेत तशीच, त्याच दुकानातली. दुकानदार म्हणला नाव घालू का, काय घालू, आडनाव? म्हटलं नुसतं 'आई' घाला. सुईच्या मशिनवर दोन मिनिटांत घातलं. आण्णांना फोन करून सांगितलंय की आधी ही वाटी तळातून भरायची, मग बाकीच्यांची.

ज्वारीचं रिकामं पोतं पण त्यातच परत पाठवतोय. आईचं रक्त परत २० एप्रिलच्या आठवड्यात.